फिरवणं स्वस्त, तापवणं महाग: घरच्या धुण्याचा हिशेब

वॉशिंग मशीन घरी येतं, ते बसवायला आलेला माणूस एक बटण दाबून दाखवतो, "हे लावायचं, बाकी कशाला हात लावायची गरज नाही," आणि पुढची आठ-दहा वर्षं त्या घरात तोच एक प्रोग्रॅम चालतो. फ्रंट लोड मशीन असेल तर तो बऱ्याचदा 'कॉटन, ४० अंश' असतो. मग बिल वाढलं की घरात चर्चा सुरू होते: मशीन रोज लावू नका, बायकांनी हातानं धुतलं असतं तर, वगैरे. मशीन नेमकी कशाला वीज खातं, हे मात्र कोणी बघत नाही.

मशीन दोन निरनिराळी कामं करतं. एक, ड्रम फिरवतं. दोन, आत हीटर असेल तर पाणी तापवतं. यातलं पहिलं काम कानाला आणि डोळ्याला जाणवतं, कारण घरघर होते, पिळताना मशीन थरथरतं, आणि आपल्याला वाटतं, बाप रे, किती वीज जात असेल! दुसरं काम अगदी मुकाट्यानं होतं. आणि मीटर पळतो तो त्या मुकाट्यानं होणाऱ्या कामामुळे.

शाळेतलं थोडं विज्ञान आठवू. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते, आणि विजेचं एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. फ्रंट लोड मशीन मुख्य धुलाईला समजा १५ लिटर पाणी घेतं. ते २५ अंशांवरून ४० वर न्यायचं तर पाव युनिट लागतं आणि ६० वर न्यायचं तर ०.६ युनिट. हे फक्त पाण्याचं झालं. शिवाय कपडे आणि स्टीलचा ड्रमही तापतो, थोडी उष्णता बाहेर जाते. म्हणजे ६० अंशांची फेरी पाऊण ते एक युनिटापर्यंत जाते, ४० अंशांची अर्ध्या युनिटाच्या आसपास. तेच मशीन साध्या पाण्यावर चालवलं तर मोटर, पंप, पिळणं सगळं धरून ०.१ ते ०.२ युनिटात काम होतं.

टॉप लोड किंवा सेमी ऑटोमॅटिक मशीन असेल तर त्यात बहुतेक वेळा हीटर नसतोच, त्यामुळे हे सगळं तुम्हाला लागू नाही. त्या मशीनची उधळपट्टी पाण्याची असते. तिकडे पुढे वळू. मात्र कपडे भिजवायला गीझरचं पाणी घेत असाल तर हिशेब पुन्हा हाच. गीझरमध्ये तापलेलं १५ लिटर पाणी मशीनमध्ये तापलेल्या पाण्यापेक्षा स्वस्त होत नाही.

थंड पाणी म्हणजे किती थंड?

'३० अंशांवर धुवा, ऊर्जा वाचवा' असा सल्ला युरोपात सारखा दिला जातो. तिथे नळाला येणारं पाणी दहा-पंधरा अंशांचं असतं, त्यामुळे ३० गाठायलासुद्धा हीटर लावावा लागतो. आपल्याकडे गच्चीवरची काळी टाकी एप्रिल-मेमध्ये दुपारी असं पाणी देते की नळाखाली हात धरवत नाही. सोलर हीटर बसवलेला नसला तरी सूर्य आपलं पाणी तापवतोच आहे. ज्याला आपण 'थंड पाण्यात धुणं' म्हणतो ते वर्षातले बरेच महिने युरोपातलं '३० अंशांवर धुणं'च असतं, तेही फुकटात.

आता कपड्यांवरचे डाग बघा. आजच्या बऱ्याच पावडरींत एन्झाइम असतात: दुधाचे-रक्ताचे डाग तोडणारे, पिष्टाचे तोडणारे, तेलाचे तोडणारे. त्यांना कोमट पाणी मानवतं, कढत पाण्यात ते निकामी होतात. रक्ताच्या डागाला तर गरम पाणी लावूच नये, त्यातलं प्रथिन गोठतं आणि धाग्यात पक्कं बसतं. हळदीचा डाग वेगळ्याच जातीचा. साबण लावला की तो लालभडक होतो आणि घरातलं माणूस घाबरून आणखी साबण चोळतं. तो लाल रंग म्हणजे हळदीची साबणातल्या अल्कलीशी झालेली प्रतिक्रिया, नुसता साबण धुऊन टाकला की तो परत पिवळा होतो. उरलेला पिवळेपणा घालवायचं काम उन्हाचं, कारण हळदीतलं कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवा. गरम पाण्यानं यातलं काही होत नाही.

मग गरम पाणी लागतं कधी? खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. डिसेंबरात बाटली थिजलेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. नाशिक-पुण्याच्या थंडीत पहाटेच्या पाण्यात उशीचे अभ्रे टाकले तर त्यातलं तेलही तसंच थिजलेलं राहतं आणि दुसऱ्या दिवशी अभ्रा वाळला तरी वास येतो. तूपही तसंच. अशा कपड्यांना ४० अंश द्यावे, किंवा त्याहून बरं म्हणजे पहाटेऐवजी दुपारी एकला मशीन लावावं, टाकीतलं पाणी तोवर सुधारलेलं असतं. आजारी माणसाच्या चादरी आणि बाळाचे लंगोट यांना ६० अंश द्यायला काही हरकत नाही. अंथरुणातले धुळीतले किडे साधारण ५५-६० अंशांना मरतात, त्यामुळे घरात दम्याचं माणूस असेल तर चादरींचाही विचार करावा. शिवाय महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनला गरम फेरी द्यावी. कायम साध्या पाण्यावर चालणाऱ्या ड्रममध्ये पावडर आणि मळाचा चिकट थर धरतो. रोजच्या शर्ट-साड्या-पायजम्यांना मात्र यातलं काही लागत नाही. त्यांना लागलेला असतो घाम आणि धूळ.

पावडरचा डबा

आता जो खर्च मला सगळ्यात जास्त खुपतो त्याकडे येते. चार माणसांचं घर, आठवड्याला पाच फेऱ्या, म्हणजे वर्षाला २६०. युनिटला १० रुपये धरू, हिशेबाला सोपं पडतं, तुमचा दर तुम्ही घाला. साध्या पाण्यावर ०.१५ युनिटप्रमाणे वर्षाची वीज ३९ युनिट, म्हणजे ३९० रुपये. ४० अंशांवर १३० युनिट, १३०० रुपये. आणि पावडर? एका फेरीला ८० ग्रॅम, किलोला १५० रुपये धरले तर वर्षाला जवळपास २१ किलो, ३१०० रुपयांच्या वर. विजेवरून घरात भांडणं होतात आणि पावडर मात्र हाताला येईल तेवढी ओतली जाते.

याच्या मुळाशी फेस आहे. बादलीत कपडे भिजवताना फेस आला नाही तर साबण कमी पडला, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. पण मळ काढणारे रेणू पाण्यात असतात. त्यांचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. फेस हा त्या सगळ्यातला दिखाऊ भाग. फ्रंट लोडमध्ये तर फेस चक्क आडवा येतो. तिथे कपडे ड्रमबरोबर वर जाऊन धपकन खाली पडतात, घाटावरच्या आपटण्याचीच ती छोटी नक्कल आहे. आत फेसाची गादी झाली की कपडे अलगद पडतात आणि स्वच्छ होत नाहीत. काही मशीन जास्त फेस ओळखून आपणहून एक खळबळणं वाढवतात. म्हणजे पावडर गेली, वर पाणी गेलं, वेळ गेला.

एक चाचणी करून बघा. धुतलेले, वाळलेले चार टॉवेल पावडर न घालता मशीनला लावा आणि दहा मिनिटांनी काचेतून, किंवा टॉप लोड असेल तर झाकण उघडून, आत बघा. फेस दिसला तर ती गेल्या कित्येक फेऱ्यांची पावडर आहे, जी तुम्ही विकत घेतली, ओतली आणि टॉवेलातच साठवली. टॉवेल करकरीत होतात ते बऱ्याचदा यामुळेच. त्यानंतर पावडर निम्म्यावर आणा. कपडे बघा, कॉलर बघा. कमी वाटलं तर चमचाभर वाढवा.

पाण्यावरही बरंच अवलंबून आहे. शाळेच्या पुस्तकात सुफेन आणि दुष्फेन असे दोन शब्द होते, आठवतात? ज्यात फेस सहज होतो ते सुफेन, होत नाही ते दुष्फेन. पुण्यात खडकवासल्याचं पाणी आलं की थोड्या साबणात काम होतं, आणि त्याच सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी सुरू झालं की तोच साबण पुरत नाही. खडकातून मुरत आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरलेलं असतं आणि ते साबणाला मळापर्यंत पोचूच देत नाही. नळाच्या तोटीला, बादलीच्या कडेला पांढरे क्षार दिसत असतील तर तुमचं पाणी दुष्फेन आहे. इथे महाग पावडर दुप्पट ओतण्यापेक्षा आधी चमचा-दोन चमचे धुण्याचा सोडा घालावा. कॅल्शियम सोड्याशी बांधलं जातं आणि पावडर मळासाठी मोकळी राहते. सोडा अतिशय स्वस्त. फक्त रेशीम आणि लोकरीला तो लावू नका, त्यांना रिठाच बरा.

याच क्षारांचा आणखी एक उपद्व्याप. पाणी तापलं की ते हीटरच्या कांडीवर थर करून बसतात, आणि थर चढलेला हीटर तापायला वेळ लावतो आणि लवकर जळतोही. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या काकांनी ती कांडी काढून हातात दिली तेव्हा मला ती चुन्यात बुडवलेल्या दांडक्यासारखी वाटली होती. साध्या पाण्यावर धुणाऱ्याची ही दुरुस्तीही बरीच लांबते.

खळबळण्याचं गणित

सेमी ऑटोमॅटिक किंवा हातानं धुणाऱ्यांसाठी आता थोडं गणित, कारण पाणी इथेच सगळ्यात जास्त जातं. समजा धुतलेल्या कपड्यांत दोन लिटर साबणाचं पाणी उरलंय आणि खळबळायला तुमच्याकडे १८ लिटर, म्हणजे एक बादली, चांगलं पाणी आहे. सगळं एकदम ओतलं तर साबण दहाव्या हिश्श्यावर येतो. तेच पाणी नऊ-नऊ लिटर असं दोनदा वापरलं तर तो तिसाव्या हिश्श्यावर येतो. आणि सुरुवातीला आणि मधे कपडे घट्ट पिळून आत एकच लिटर पाणी राहू दिलं, तर त्याच १८ लिटरांत साबण शंभरावा हिस्सा उरतो. बादली तीच. दहापट फरक पडला तो पाणी दोनदा विभागून घेतल्यानं आणि पिळण्यानं.

म्हणून सेमी ऑटोमॅटिक वापरताना साबणाचे कपडे सरळ खळबळायला टाकू नका. आधी शेजारच्या टबात दोन मिनिटं फिरवा, मग खळबळा, पुन्हा फिरवा. आपल्या आज्या नऊवारी साडी दोघीदोघींनी दोन टोकांना धरून पिळायच्या, मग दुसऱ्या पाण्यात घालायच्या. त्यांना हे अपूर्णांक कोणी शिकवले नव्हते, विहिरीतून पाणी शेंदायला लागत होतं एवढं पुरेसं होतं.

साबणाचं पहिलं पाणीही एकदा वापरून ओतायचं नसतं. आधी पांढरे, मग फिके रंगीत, मग जीन्स, शेवटी पायपुसणी. हा क्रम बऱ्याच घरांत अजून आहे आणि तो कंजूषपणा नाही. शेवटचं खळबळलेलं पाणी संडासात आणि फरशीला. फ्रंट लोडला एका फेरीत साधारण ५० ते ७० लिटर पाणी लागतं, पूर्ण टॉप लोडला शंभराच्या वर. त्यामुळे टॉप लोडवाल्यांनी नळी बादलीत सोडली तरी टँकरच्या दिवसांत फरक कळतो.

मशीन भरायचं किती, यावर फार काथ्याकूट नको. कपडे सैल टाकल्यावर वर एक तळहात आडवा जाईल इतकी जागा ठेवा. निम्मं भरलेलं मशीन निम्म्या विजेत चालत नाही, आणि कोंबलेल्यात कपडे हलत नाहीत. बंद मशीनचं प्लगवर लागलेलं बटणही बंद करावं म्हणतात. करा, पण त्यानं वर्षाला पाच-दहा युनिटांच्या पलीकडे काही वाचत नाही.

ड्रायर आणि 'ड्रायर'

आपल्याकडे सेमी ऑटोमॅटिकच्या छोट्या टबाला ड्रायर म्हणतात. "कपडे ड्रायरला लावले." तो खरा ड्रायर नव्हे. तो नुसता गरगर फिरवून पाणी बाहेर फेकतो. खरा ड्रायर हवा तापवून पाण्याची वाफ करतो. नाव एकच, पण बिलाच्या दृष्टीनं दोघांत जमीन-अस्मानाचा फरक.

एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण २४०० किलोज्यूल लागतात, म्हणजे दोन तृतीयांश युनिट. यातून कोणत्याही कंपनीचं कोणतंही यंत्र सुटलेलं नाही, हा पाण्याचाच स्वभाव आहे. हीट पंपाचा ड्रायर उष्णता पुन्हा पुन्हा वापरून खर्च बराच खाली आणतो, पण तो महाग येतो. उलट ४०० वॉटची मोटर पाच मिनिटं फिरवली तर ०.०३ युनिट जातं आणि लिटरभर पाणी निघून जातं. हातानं पिळलेल्या पाच किलो सुती कपड्यांत पाच लिटर पाणी सहज राहतं, मशीनमध्ये मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या वेगानं पिळल्यावर ते अडीच लिटरच्या आसपास येतं. धुताना वीज वाचवायची, पण पिळताना हात आखडता घ्यायचा नाही. खालच्या मजल्यावरच्यांच्या चादरीवर पाणी ठिबकत नाही, त्यामुळे सोसायटीच्या बैठकीतला एक विषयही कमी होतो.

उन्हाळ्यात हे सगळं बोलायचीही गरज नाही. विदर्भात मे महिन्यात दोरीचं दुसरं टोक गाठेपर्यंत पहिला रुमाल वाळलेला असतो, तिथे फक्त रंग उडू नयेत म्हणून कपडे उलटे करून घाला. खरी परीक्षा कोकणात आणि मुंबईत, जुलैमध्ये. हवेतच इतकं बाष्प असतं की कपड्यातलं पाणी जाणार कुठे? पूर्वी शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर बाळाचे कपडे पसरायचे. आता घरोघरी दोरी पंख्याखाली येते. ते बरोबरच आहे, कारण कपड्याला चिकटलेली दमट हवा बाजूला सारली की वाळणं पुढे सरकतं. जुना ७५ वॉटचा पंखा आठ तास चालला तर ०.६ युनिट, नवा ३० वॉटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा पाव युनिट. कपड्यांमध्ये चार बोटांची फट ठेवा, एकावर एक टाकू नका. जीन्सचे खिसे बाहेर काढा. वाळत घालायच्या आधी पिळण्याची एक जादा फेरी द्या. पावसाळी कुबट वास हा जंतूंचा, आणि कपडा जितके तास ओलसर राहील तितके ते वाढतात. वास आला म्हणून पुन्हा धुणं म्हणजे सगळा खर्च परत पहिल्यापासून.

कोणतं युनिट वाचतं

महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्यांनी चढतात: १०० युनिटांपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यावर चौथा. वाचलेलं युनिट नेहमी तुमच्या सर्वात वरच्या, म्हणजे सर्वात महाग टप्प्यातून कमी होतं. बिलाची रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर काढून हिशेब केलात तर बऱ्याचदा बचत असते त्यापेक्षा कमी दिसेल. महावितरणचा स्मार्ट मीटर बसला असेल तर दिवसा नऊ ते पाचच्या वापरावर सवलतही आहे, बिलावर टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार दर) अशी ओळ शोधा. रात्री सगळे झोपल्यावर मशीन लावायची सवय असलेल्या घरांनी ती मोडायला हे एक कारण. दुपारचं तापलेलं पाणी आणि वाळवायला ऊन, ही आणखी दोन.

आता राहिली इस्त्री. १००० वॉटची इस्त्री तासभर चालली तर आत अधूनमधून बंद होत असली तरी अर्धं-पाऊण युनिट घेते. म्हणजे ज्या घरात रोज इस्त्री होते तिथे साध्या पाण्यावरच्या मशीनपेक्षा इस्त्रीच जास्त वीज खाते. कारण तेच, ती तापते. मशीन थांबल्याबरोबर कपडे काढून झटकून वाळत घाला. तासभर ड्रममध्ये पडून राहिलेल्या सुरकुत्या धुण्यापेक्षा जास्त महाग पडतात. अगदी वाळून कोळ होण्याआधी, किंचित ओलसर असताना काढून हातानं ताणून घडी घातली तर घरात घालायच्या कपड्यांना इस्त्री लागत नाही. शाळेचा गणवेश रात्रभर गादीखाली ठेवायची युक्ती पॉलिस्टर मिसळलेल्या कापडालाही चालते. जे काही इस्त्रीला उरेल ते रोज दोन-दोन न करता आठवड्याचं एकदम करा, जाड सुती आधी, आणि रुमाल-सिंथेटिक ओढण्या अगदी शेवटी, बटण बंद करून उरलेल्या धगीवर.